उरलेलं तेल

दर तिमाहीला पोस्टाच्या पासबुकात व्याजाची ओळ उमटली, की मी घरी येऊन एक वही काढते. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, पाठीला कापडी पट्टी चिकटवलेली. पहिल्या पानावरचं अक्षर माझं नाही. निळ्या शाईत, खतावणीत शोभेल अशा सरळ अक्षरात तिथे लिहिलंय: 'आधी देणं. मग घर. मग उद्या.' आणि त्याखाली बारीक अक्षरात: '२ राजे, अध्याय ४.'

हे अक्षर कॅशियरमामांचं. त्यांचं माझं रक्ताचं नातं काही नव्हतं. मिरजेच्या मिशन कंपाउंडमध्ये लहानथोर सगळेच त्यांना कॅशियरमामा म्हणायचे. १९७६ मध्ये मी तिथल्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स म्हणून लागले, तेव्हा आयुष्यातला पहिला पगार त्यांच्याच खिडकीतून घेतला. त्यांनी नोटा मोजून पुढे केल्या आणि म्हणाले, "सिस्टर, माझ्यासमोर परत मोजा."

"तुमच्यावर विश्वास आहे की, मामा."

"म्हणूनच मोजा. न मोजता घेतलेत आणि घरी दहा रुपये कमी निघाले, तर मनात किंतु येईल तो माझ्याबद्दल. मोजलेत तर विश्वास शाबूत राहील."

मी बावीस वर्षांची होते. त्या दोन वाक्यांत पुढे माझी म्हातारपणाची सोय दडलेली आहे, हे तेव्हा कळायचं काही कारण नव्हतं.

मामा रविवारी आमच्या चर्चचे खजिनदार असत. उपासना संपली, की अर्पणाची थैली वेस्ट्रीत नेत, पण एकट्याने ती कधीही उघडत नसत. धो धो पाऊस पडून पंचांपैकी कुणी आलेलं नसलं, तर वॉचमनला आत बोलावून समोर बसवत, आकडा दोघांच्या तोंडून एकच आला की वहीत मांडत आणि वॉचमनची सही घेत. मी एकदा विचारलं, तर त्यांनी करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय काढून दिला. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी नेताना पौलाने सोबत माणसं घेतली होती, कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून. "प्रेषिताला साक्षीदार लागला," मामा म्हणाले, "तर हॉस्पिटलच्या कॅशियरला का लागू नये?"

हा नियम मी ऐकला होता, वर्षानुवर्षं डोळ्यांनी पाहिला होता. तरी १९९५ साली मी तो मोडला.

तेव्हा सागवानाच्या योजनांचं पीक आलं होतं. पाच हजार रुपये भरा, तुमच्या नावाने झाडं लागतील, वीस वर्षांनी लाखो रुपये मिळतील. आमच्याकडे ही योजना घेऊन आलेले गृहस्थ ख्रिस्ती होते, दुसऱ्या गावच्या मंडळीत मान असलेले. त्यांनी बैठकीची सुरुवात प्रार्थनेने केली. नीतिमान माणूस पाण्याच्या प्रवाहाकाठी लावलेल्या झाडासारखा असतो, या स्तोत्रातल्या दाखल्यावर ते दहा मिनिटं बोलले. माझे मिस्टर शाळेत शिक्षक होते, हळवे होते. आम्ही तीन युनिटं घेतली, पंधरा हजारांची. मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले पैसे होते ते.

पैसे भरायच्या आदल्या संध्याकाळी मामा घरी आले होते. त्यांनी माहितीपत्रक दोनदा वाचलं आणि एवढंच विचारलं, "झाडं कोण मोजतं?"

"म्हणजे?"

"तुमच्या नावाची झाडं लागली, जगली, वाढली, हे कंपनीखेरीज आणखी कोण जाऊन बघतं? त्यांचा हिशेब दुसरं कोण तपासतं?"

माझ्या मिस्टरांना ते लागलं. "मामा, माणूस आपला आहे. प्रार्थना करून आलाय."

मामा म्हणाले, "प्रार्थना देवाशी केली. पैसे तो तुमच्याकडून घेणार आहे." आणि चहा संपवून उठले.

दोन वर्षांत पत्रं येणं थांबलं. १९९९ मध्ये 'सेबी'ने अशा सामूहिक योजनांसाठी कडक नियम आणले, तोवर आमच्या कंपनीच्या ऑफिसला कुलूप लागून बराच काळ लोटला होता. झाडं होती की नव्हती, मला आजही सांगता येणार नाही. पैशांपेक्षा मला जास्त लागलं ते वेगळंच. कित्येक महिने मला ते स्तोत्र वाचता येईना. देवावरचा भरवसा मी त्याचं नाव घेणाऱ्या एका माणसाच्या खात्यावर जमा केला होता, आणि तो बुडाला तेव्हा स्तोत्रही बुडाल्यासारखं वाटलं.

मामा 'मी सांगितलं होतं' असं कधी म्हणाले नाहीत. पत्रं थांबल्यानंतरच्या जूनमध्ये मुलीच्या नर्सिंग कॉलेजची फी भरायला आठ हजार कमी पडत होते. ते त्यांना कुणाकडून कळलं, माहीत नाही. पाकिटात आठ हजार आणि ही वही घेऊन ते आले. पहिल्या पानावर त्यांनी त्या तीन ओळी लिहिल्या, आणि दुसऱ्या पानावर माझ्याकडून पेन्सिलीने लिहून घेतलं: दरमहा पाचशे, सोळा हप्ते. मी व्याजाचं विचारलं, तर म्हणाले, मोशेच्या नियमशास्त्रात अडलेल्या भावाकडून व्याज घ्यायला मनाई आहे. "मग बँकेचं व्याज आपण कसं घेतो?" मी चिडूनच विचारलं होतं, कारण त्या दिवसांत मला शास्त्रातलं काहीच धड वाटत नव्हतं. मामांनी तो प्रश्न गंभीरपणे घेतला. ती मनाई दुसऱ्याच्या अडचणीवर कमाई करण्याला आहे, म्हणाले. धंद्यासाठी दिलेल्या पैशाची गोष्ट निराळी, म्हणून तर प्रभूने सांगितलेल्या दृष्टांतात धनी आपल्या आळशी चाकराला म्हणतो, की निदान सावकाराच्या पेढीवर ठेवले असतेस तरी मला व्याजासकट मिळाले असते. "सिस्टर, तुम्ही आत्ता अडलेल्या आहात. तुमच्याकडून व्याज घेतलं तर मला रविवारी थैली उघडता येणार नाही."

सोळा हप्ते मी फेडले. शेवटचा दिला, त्या दिवशी त्यांनी पेन्सिलीची ओळ खोडरबरने न खोडता तिच्यावर शाईने 'पूर्ण' लिहिलं आणि आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या. मग पहिल्या पानावरच्या त्या अध्यायातली गोष्ट सांगितली. गोष्ट मला लहानपणापासून पाठ होती: संदेष्ट्याच्या शिष्याची विधवा, सावकार तिची मुलं गुलाम करून न्यायला आलेला, घरात तेलाची एक कुपी. अलीशा तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी आणायला सांगतो, आणि भांडी संपेपर्यंत तेल संपत नाही. रविवारच्या शाळेत ही गोष्ट इथेच थांबायची. मामांची इथून सुरू व्हायची. "चमत्कार झाला. मग अलीशाने काय केलं? तिला बाजारात पाठवलं. तेल विकायला लावलं, आधी कर्ज फेडायला लावलं, आणि राहिलेल्यावर तू आणि तुझी मुलं निर्वाह करा म्हणाला. चमत्कार देवाने केला, पण हिशेब त्या बाईलाच करायला लावला."

मामांचं सगळं बरोबरच यायचं असं नाही, आणि ते त्यांनी स्वतःच मला दाखवलं. १९९६ मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा मिळालेल्या पैशांतला एक तृतीयांश त्यांनी अशा एका युनिट योजनेत ठेवला होता, जी त्या काळी घरोघरी बँकेइतकीच भरवशाची समजली जायची. जुलै २००१ मध्ये ती अचानक गोठली, पैसे काढणं बंद झालं. त्यांच्या वहीत त्या नोंदीभोवती लाल शाईची चौकट आहे आणि शेजारी लिहिलंय: 'एका जागी फार. उपदेशक ११.' त्या अध्यायात आपला वाटा सातांना, नव्हे आठांना वाटून दे असं सांगितलंय, कारण पृथ्वीवर कोणतं अरिष्ट येईल ते कुणाला ठाऊक नाही. मामांना हे आधीही माहीत होतं. ते म्हणाले, "माहीत असलेलं वचन मी दुसऱ्यांसाठी वापरत होतो." हे त्यांनी मला सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पण नंतर मी त्यांचं ऐकलं, ते या लाल चौकटीमुळे जास्त.

२००४ मध्ये माझे मिस्टर गेले. २०१२ च्या मे महिन्यात, अठ्ठावन्न पुरी झाल्यावर, छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर मी निवृत्त झाले. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून साडेचौदा लाख हाती आले. एवढी रक्कम मी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि पुढे कधी पाहणारही नव्हते. पेन्शनचा हिशेब मामांनीच मला कागदावर करून दाखवला. पीएफच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत पगार कितीही असो, तेव्हा धरला जायचा तो जास्तीत जास्त ६,५०० रुपये. त्याला योजनेतल्या वर्षांनी गुणायचं आणि सत्तरने भागायचं. १९९५ च्या आधीच्या वर्षांचे मिळतात ते अगदी थोडे. मला महिना एकोणीसशे रुपये बसले.

त्या पंधरवड्यात माझ्या घरी जेवढी माणसं आली, तेवढी मिस्टर गेल्यावरही आली नव्हती. एकाने एकरकमी हप्त्याची विमा पॉलिसी आणली. एकाला प्लॉटमध्ये भागीदार हवा होता. एका पतसंस्थेचा माणूस बारा टक्के देतो म्हणत होता. पतसंस्थेच्या ठेवीला बँकेच्या ठेवीसारखं विम्याचं संरक्षण नसतं, हे त्याने सांगितलं नाही. ते मामांनी सांगितलं. आणि बाहेरगावचे एक प्रचारक आले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि सांगितलं, की देवाच्या कामात मोठं बी पेराल तर शंभरपट पीक येईल. या वेळी ते ऐकताना माझ्या कानात आधीच प्रश्न वाजत होता: झाडं कोण मोजतं?

पण माझ्या मनातही एक गोष्ट होती, आणि ती खरी होती. आमच्या चर्चचं छप्पर गळत होतं. छत्तीस वर्षं देवाने निभावून नेलं, तर या पैशांचा दशांश, एक लाख पंचेचाळीस हजार, छपरासाठी द्यायचा असं मी ठरवलं आणि चेकबुक घेऊन खजिनदाराकडे गेले. मामा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते, थैली अजून त्यांच्याकडेच होती. छपराचं अंदाजपत्रकही त्यांनीच केलेलं होतं आणि पैसे कमी पडत होते. त्यांनी चेक घेतला नाही.

मला राग आला. देवाला देत असताना आडवं येणारे हे कोण?

"सिस्टर, बसा," ते म्हणाले. "पीएफ पगारातून कापला. तुम्ही कपातीआधीच्या पूर्ण पगारावर दशांश देत आलात, पावत्या मीच फाडल्यात. हे पीक नवं नाही, कोठारातलं आहे. आता यावर जे व्याज येईल ते नवं पीक. त्याचा दशांश आणा, मी घेईन."

मी गरीब विधवेच्या दोन दमड्यांचा दाखला दिला. तिने तर उपजीविकाच टाकली होती.

मामा जरा वेळ गप्प बसले. मग त्यांनी मार्कचा सातवा अध्याय काढला. आईबापांसाठी लागणारा पैसा 'कुर्बान' म्हणून देवाला वाहिला असं सांगणारे लोक, आणि त्यांच्यावर प्रभूने ओढलेला कोरडा. "प्रभू त्या विधवेची स्तुती करतो. पण तिच्याकडून दमड्या काढून घ्याव्यात असं तो खजिनदाराला कुठेच सांगत नाही. उलट तिच्या गोष्टीच्या अगदी आधी, विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांपासून जपा म्हणतो. मी हा चेक घेतला आणि ऐंशीव्या वर्षी तुम्ही मुलीच्या दारात औषधाला पैसे मागायला उभ्या राहिलात, तर ते छप्पर मला डोक्यावर घेववणार नाही."

बायबलच्या पुस्तकात दोन गोष्टी ओळीने छापलेल्या असतात आणि आपण एकच वाचतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. चेक फाडला. छपरासाठी दहा हजार दिले, तेही त्यांनी तीनदा विचारून घेतले.

मग कामाला लागलो. मामांनी आधी माझ्याकडून महिन्याचा खर्च लिहून घेतला, मीठ-मिरचीपासून वीजबिलापर्यंत. नऊ हजार तीनशे. नंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजना. माझी साठी झालेली नव्हती, मला वाटत होतं दोन वर्षं थांबावं लागेल. मामा म्हणाले, निवृत्त झालेल्याला पंचावन्न पुरी असली तरी खातं उघडता येतं, पण तेव्हाच्या नियमाने निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून महिन्याच्या आत. त्यातले एकोणीस दिवस माझे येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा देण्यात गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं पोस्टात होतो. नऊ लाख तिथे ठेवले. त्या वर्षी दर ९.३ टक्के होता, म्हणजे तिमाहीला २०,९२५ रुपये. दोन लाख दोन राष्ट्रीयीकृत बँकांत वाटून एक, दोन, तीन वर्षांच्या ठेवींत, दरवर्षी एक सुटेल अशा बेताने. एक लाख चाळीस हजार बचत खात्यात, आजारपणासाठी. राहिले दोन लाख. आकडेमोड करून मामांनी कागद माझ्याकडे फिरवला: पेन्शन एकोणीसशे, पोस्टाचे सहा हजार नऊशे पंचाहत्तर, ठेवींचे पंधराशे. त्यातून दशांश वजा, त्यातून खर्च वजा. महिन्याला साडेसदतीस रुपये उरत होते.

"साडेसदतीस रुपये उरतात," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता.

राहिलेले दोन लाख ते म्हणाले शेअर बाजारात, म्युच्युअल फंडातून, दरमहा दहा हजार असे वीस हप्त्यांत. मी दचकले. जुगारच तो, असं आमच्या घरात समजत. मामांनी महागाईचा हिशेब मांडला. भाव वर्षाला सहा टक्क्यांनी वाढले तर बारा वर्षांत दुप्पट होतात. मी सत्तरीची होईन तेव्हा नऊ हजारांचा संसार अठरा हजारांचा झालेला असेल, आणि पोस्टाचं व्याज तेवढंच राहील. "आजचे पैसे पोस्टात. बारा वर्षांनंतरच्या सिस्टरसाठी थोडे बाजारात. ते बुडाले तरी आजच्या सिस्टरच्या ताटातलं काही जाणार नाही, एवढेच." त्यांनी सुचवला तो साधा इंडेक्स फंड होता, निर्देशांकातल्या पन्नास कंपन्या घेणारा, खर्च कमी असलेला.

कंपन्यांची यादी मी वाचली. वर वरच सिगारेट बनवणारी एक मोठी कंपनी होती.

मी वीस वर्षं सर्जिकल वॉर्डात होते. निपाणी आमच्यापासून लांब नाही. तिथल्या तंबाखूच्या पट्ट्यातून येणारे पेशंट, विड्या वळणाऱ्या बाया, दातांना मिश्री लावून लावून गालाच्या आत पांढरे चट्टे पडलेल्या आज्या. अर्धा जबडा काढलेल्या माणसाला नळीतून दूध भरवताना त्याच्या डोळ्यांत बघायचं असतं, ते टाळता येत नाही. मी मामांना म्हटलं, "या कंपनीच्या नफ्यातला एक पैसाही मला नको."

मामांनी चष्मा काढून ठेवला. "हा प्रश्न मला सुचायला हवा होता," ते म्हणाले.

पुढचे दोन आठवडे तो म्हातारा माणूस भिंग घेऊन फंडांची पत्रकं वाचत बसला. त्यातून त्यांना कळलं, की शरियतच्या नियमांनी चालणारे फंड आपल्या देशात आहेत. दारू, तंबाखू, जुगार आणि व्याजावर चालणारे धंदे ते वगळतात. मामांना त्याचं फार अप्रूप वाटलं. मुसलमान बांधवांनी एकत्र बसून यावर विचार केला, आपल्या मंडळ्यांनी का केला नाही, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. शेवटी त्यांनी एक साधा फंड शोधला, ज्याच्या त्या वेळच्या यादीत तंबाखू आणि दारू नव्हती. पण हात पूर्ण स्वच्छ राहतील अशी खोटी खात्री दिली नाही. फंडाचा व्यवस्थापक उद्या काहीही घेऊ शकतो, दर सहा महिन्यांनी यादी बघावी लागेल. आणि पोस्टातला पैसा सरकारकडे जातो, सरकार दारूवर कर घेतं, हेही त्यांनी सांगितलं. "याचा खर्च इंडेक्स फंडापेक्षा वर्षाला हजार-दीड हजाराने जास्त पडेल. परवडेल?"

"परवडेल," मी म्हटलं.

वहीत त्या नोंदीपुढे त्यांच्या हातचं लिहिलेलं आहे: 'जादा खर्च, विवेकापोटी.' बरोबर की चूक हे मला बाजाराच्या भाषेत सांगता येणार नाही. त्या ओळीवरून नजर फिरली, की मला आजही बरं वाटतं.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. चर्चच्या वॉचमनच्या नावाने दरमहा काही रक्कम पोस्टात आवर्ती ठेवीत भरावी, असा ठराव मामांनी पंचांच्या सभेत मांडला. तोच वॉचमन, पावसाळ्यात थैलीला साक्षीदार असलेला. एक तरुण पंच उठून म्हणाले, प्रभूने उद्याची चिंता करू नका म्हटलंय, पाखरं काय ठेव ठेवतात? मामा म्हणाले, चिंता करू नका म्हणणाऱ्या प्रभूनेच बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा म्हटलंय. मग त्यांनी कुठल्याशा जुन्या पुस्तकात वाचलेली हकिगत सांगितली. स्कॉटलंडमध्ये १७४४ साली वॉलेस आणि वेबस्टर नावाच्या दोन पाळकांनी, मॅक्लॉरिन या गणितज्ञाची मदत घेऊन, पाळकांच्या विधवांसाठी निधी उभारला. दर वर्षी साधारण किती पाळक मरतील, मागे किती विधवा आणि अनाथ मुलं राहतील, याची गणितं मांडून त्यांनी वर्गणी ठरवली. त्याच चर्चची माणसं पुढे आपल्या मुलुखात मिशनरी म्हणून आली, डॉक्टर जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईला उतरले. "त्या दोघांनी सहकाऱ्यांचे मृत्यू मोजले," मामा म्हणाले, "म्हणून त्यांचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?" ठराव पास झाला. तरुण पंचांनीच अनुमोदन दिलं.

२३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात तेरा टक्के कोसळला. माझ्या फंडाचे चार लाखांच्या वर गेलेले पैसे पावणेतीन लाखांच्याही खाली आले होते. मी मामांना फोन लावला. ब्याऐंशी वर्षांचा तो थकलेला आवाज. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. हे पैसे या वर्षी लागणार आहेत का? नाही. पोस्टाचं व्याज तिमाहीला येणार का? येणार. "मग प्रार्थना करू या," म्हणाले, आणि फोनवर प्रार्थना केली. हॉस्पिटलात ड्युटीवर असलेल्या पोरींसाठी केली, ज्यांच्याकडे मास्क पुरेसे नव्हते. बाजारासाठी एक शब्द नाही. पैसा वाढावा म्हणून प्रार्थना त्यांनी कधी केली नाही, आणि मलाही कधी करू दिली नाही. फंड मी विकला नाही. तो सावरला.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये माझ्या पोस्टातल्या खात्याची वाढवलेली मुदत संपली. नवा दर ७.४ टक्के. सुरुवातीच्या २०,९२५ च्या जागी आता तिमाहीला १६,६५०. मला रडू आलं, तर मामा म्हणाले, याच दिवसासाठी दुसऱ्या भांड्यात तेल ठेवलंय. त्या वर्षापासून मी फंडातून दर तिमाहीला थोडे काढू लागले, व्याजातली तूट भरून निघेल एवढेच.

२०२१ च्या मे महिन्यात कोविडने मामा गेले. दफनाला मोजकी माणसं होती, मला जाता आलं नाही. पुढे त्यांची मुलगी एक कागद घेऊन आली. मामांच्या वहीत मागच्या बाजूला ठेवलेला. त्यावर अकरा नावं होती, बहुतेक विधवा नर्सेस, आया, वॉचमन, आणि प्रत्येकापुढे ठेव सुटण्याची तारीख. माझ्या नावापुढे 'जून २०२५' होतं. ती तारीख बघायला आपण नसू हे माहीत असूनही ते लिहून गेले होते. कागद ठेवून घ्याल का, असं तिने विचारलं. मी ठेवून घेतला. अकरातल्या सात जणी आता दर एप्रिलला व्याजातून कर कापला जाऊ नये म्हणून द्यायचा फॉर्म भरायला माझ्याकडे येतात. शेवटच्या दोन नावांपुढच्या तारखा उलटून गेल्या होत्या, त्या ठेवी तशाच पडून राहिल्या असत्या.

जून २०२३ मध्ये मी पहिला निर्णय त्यांच्याशिवाय घेतला. नव्या खात्यांना ८.२ टक्के मिळत होते, माझे नऊ लाख अजून दोन वर्षं ७.४ वर अडकलेले. खातं मध्येच बंद केलं तर एक टक्का, म्हणजे नऊ हजार दंड. नव्या दराने वर्षाला बहात्तरशे जास्त, दोन वर्षांचे चौदा हजार चारशे. दंड जाऊन पाच हजार चारशे हातात, शिवाय पुढची तीन वर्षंही ८.२ पक्के. हिशेब मी तीन वेळा केला, तिन्ही वेळा तोच आला, आणि तरी मला झोप येईना. दुसरी नजर नव्हती.

सकाळी माझ्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहणारी नर्स ड्युटीवरून आली. तेवीस वर्षांची, पगार थेट खात्यावर जमा होतो, हातात मोजायला काही येत नाही. तिला मी वही दिली. "मोज," म्हटलं.

"आजी, तुम्ही केलंय म्हणजे बरोबरच असणार."

"म्हणून मोज."

ती पलंगावर पाय घेऊन बसली, फोनवरचा कॅल्क्युलेटर काढला, ओठ हलवत आकडे लावले. पाच हजार चारशे, ती म्हणाली. मी तिला पेन दिलं, आणि आकड्याच्या शेजारी तिने सही केली.